पिक तारेत अडकतो, पण भानगड खुर्चीपासून सुरू होते

चार-सहा महिने गिटार शिकलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) लागतात, स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून हात फिरवणं) बरं होतं, पण पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पत्तीने, एकेक सूर वाजवायला घेतला की हात गडबडतो. पिक भलत्याच तारेला लागतो, बोटांत फिरतो, अपस्ट्रोक (तार खालून वर छेडणं; वरून खाली तो डाउनस्ट्रोक) पोकळ येतो आणि मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांच्या वर नेला की सगळं विस्कटतं. यावर क्लासमध्ये आणि यूट्यूबवर मिळणारं उत्तरही ठरलेलं: "सावकाश वाजव, आपोआप जमेल." हे अर्धंच खरं आहे. सावकाश वाजवताना चुकीची हालचालही खपून जाते, कारण दोन सुरांच्या मध्ये हात उचलून दुसरीकडे ठेवायला भरपूर वेळ असतो. जी हालचाल १०० वर चालणारच नाही, तीच तीन महिने ६० वर घोटून पक्की केली जाते.

म्हणून मी क्रम उलटा लावतो. आधी बसणं, मग खांदा आणि कोपर, मग मनगट. पिकची पाळी सगळ्यात शेवटी. (खालचं सगळं उजव्या हातात पिक धरणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं.)

मुंबईच्या घरात गिटार वाजवायची जागा म्हणजे बहुधा पलंगाची कड, नाहीतर हातांची प्लॅस्टिकची खुर्ची. दोन्ही वाईट. गादी दबली की कंबर मागे जाते, पाठीला बाक येतो आणि गिटार मांडीवरून पुढे घसरते. मग डावा हात सूर लावायचं काम सोडून नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, तोलत बसतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीत गिटारची बॉडी खुर्चीच्या हातावर आपटते, म्हणून माणूस नकळत कमरेत वळून बसतो. जेवणाच्या टेबलाची बिनहातांची खुर्ची घ्या. ती साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. पाय जमिनीवर पूर्ण टेकून मांड्या जमिनीला समांतर राहिल्या की झालं. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, पाठ टेकायची नाही.

गिटार उजव्या मांडीवर ठेवायची की डाव्या, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. नुसतं स्ट्रमिंग करून गाणार असाल तर उजवी मांडी चालेल. एकेक सूर स्वच्छ काढायचे असतील तर माझं मत डाव्या मांडीच्या बाजूने आहे, मग गिटार स्टीलच्या तारांची असली तरी. डावा पाय १२ ते १५ सेंटिमीटर उंच ठेवला की नेक ३० ते ४५ अंश वर उचलली जाते, हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) डोळ्यांच्या पातळीला येतो आणि उजवा हात वरून सरळ ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेल्या पट्टीपाशी, उतरतो. घरातला पाट यासाठी बुटका पडतो. एकावर एक ठेवलेल्या दोन विटा बरोबर उंचीच्या होतात. वर एक जुनं पायपुसणं टाका.

पाय सतत उचलून कंबर भरत असेल तर बसून वाजवतानाही पट्टा लावा. बसल्यावर पट्टा इतका आवळा की मांडी बाजूला केली तरी गिटार जागची हलणार नाही. मग उभं राहिल्यावरही ती त्याच उंचीवर राहते. बसून एका उंचीवर सराव आणि कार्यक्रमात गुडघ्यापाशी लोंबणारी गिटार, हे हातांच्या दृष्टीने दोन वेगळी वाद्यं वाजवण्यासारखं आहे. अकूस्टिकला पुष्कळदा पट्ट्याचं एकच बटण असतं. दुसरं टोक नाडीने हेडस्टॉकला, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) पलीकडे तारांखालून बांधता येतं. पण वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून नेकच्या मुळाशी दुसरं बटण बसवून घेतलेलं चांगलं.

बैठक जमली की नाही याची परीक्षा सोपी. दोन्ही हात सोडून मांडीवर ठेवा. गिटार जिथल्या तिथे राहिली पाहिजे. नेक खाली गेली, तर इतके दिवस डावा हात तिला धरून होता असा अर्थ.

आणखी एक खोड हमखास दिसते: फ्रेटबोर्ड (नेकवरची, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेली फळी) दिसावा म्हणून गिटारचं तोंड छताकडे वळवणं. त्याने डावं मनगट नको तेवढं मुडपतं आणि उजवा हात बॉडीवर चढून बसतो. गिटार उभीच ठेवा. नेकच्या वरच्या कडेला ३, ५, ७, ९ आणि १२ या फ्रेटांपाशी छोटे ठिपके असतात. ते वाजवणाऱ्यासाठीच दिलेले असतात. मान थोडी वळवून ते पाहा, अख्खं धड वाकवू नका.

आता खांदा. आपल्याकडे सुरुवातीला घेतली जाणारी अकूस्टिक बहुतेक वेळा ड्रेडनॉट आकाराची असते. तिचा खालचा फुगवटा साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि खोकं १२ सेंटिमीटरच्या आसपास खोल. बुटक्या माणसाने किंवा लहान मुलाने त्यावरून हात टाकला की खांदा कानाकडे जातो. एक लांब श्वास सोडून बघा. श्वासाबरोबर खांदा खाली आला, तर तो आधी वर होता. कोपर बॉडीच्या कडेवर ठेवू नका. कोपराच्या चार बोटं पुढचा भाग कडेवर टेकू द्या आणि कोपर मोकळं लोंबू द्या. तरीही खांदा उतरत नसेल तर दोष गिटारच्या आकाराचा आहे. मुलांसाठी लहान खोक्याची गिटार घ्या, "वाढत्या अंगाचा" शर्ट घेतल्यासारखी घेऊ नका.

मुंबईत याला घामाची जोड असते. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हात पॉलिशला चिकटतो, सरकत नाही, आणि माणूस मनगटाचं काम बोटांनी करायला लागतो. जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी हातावर चढवा. दिसायला गबाळं, कामाला उत्तम.

मनगटाबद्दल थोडक्यात: हाताचा पुढचा भाग आणि पंजाची मागची बाजू जवळपास एका रेषेत हवी. तळहाताची कड ब्रिजजवळ हलकेच टेकलेली, दाबलेली नाही. इलेक्ट्रिकला तरंगता (स्प्रिंगवर हलणारा) ब्रिज असेल तर दाबल्यावर सूर लगेच चढतो, त्यामुळे तिथे चूक स्वतःच कळते. करंगळी बॉडीला घासत गेली तर हरकत नाही. खुंटीसारखी रोवली तर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेपासून पहिलीपर्यंत (सगळ्यात बारीक) जाताना मनगटाचा कोन प्रत्येक तारेला बदलतो. डोंबिवलीहून दादरपर्यंत लोकलच्या कडीला लटकून आलात, तर आल्या आल्या पिक धरू नका. मुठीचे स्नायू आखडलेले असतात आणि पिकवरची पकड त्यांचीच असते. दहा मिनिटं जाऊ द्या, हात झटका, मग सुरू करा.

पिक धरायची पद्धत अशी. उजव्या हाताची सैल मूठ करा, जणू आत चिमणीचं पिल्लू आहे. तर्जनीच्या टोकाजवळच्या सांध्याच्या कडेवर पिक ठेवा, पेरावर नाही. वरून अंगठ्याचा मांसल भाग ठेवा. टोक ३ ते ५ मिलिमीटर बाहेर राहू द्या. बाकीची बोटं अर्धी मिटलेली, ढिली. दुसऱ्या कोणी पिक ओढला तर थोड्या विरोधाने सुटून यावा, इतकीच पकड. अंगठ्याचं नख पांढरं पडलं तर जोर जास्त झाला. गंमत अशी की पिक बोटांत फिरतो तेव्हा सगळे आणखी आवळून धरतात, पण तो फिरण्याचं खरं कारण बहुधा टोक फार बाहेर असणं हे असतं. टोक लांब असलं की तारेचा धक्का लांबून बसतो आणि पिक मुरडला जातो.

तारेवर पिक अगदी सपाट आदळवू नका. पुढची कड २० ते ३० अंश खाली वळवा, म्हणजे पिक तारेवरून घसरून जातो, अडखळत नाही. कोन फारच वाढवला तर जाड, गुंडाळलेल्या तारांवर करकर ऐकू येते; तेवढ्यावर थांबा. खोलीचंही तसंच: तारेच्या खाली टोक एक-दीड मिलिमीटर गेलं तरी पुरे. नवशिक्यांचा पिक विहिरीत बादली सोडावी तसा खाली जातो आणि मग वर ओढताना अडकतो.

जाडीबद्दल एक सांगायलाच हवं. क्लासच्या पहिल्या दिवशी हातात येतो तो बहुधा ०.४६ किंवा ०.५० मिलिमीटरचा लवचिक पिक. स्ट्रमिंगला तो गोड वाजतो. एकेक सुराला मात्र तो आधी वाकतो आणि उशिरा सरळ होतो. सूर मागे पडतो आणि विद्यार्थी स्वतःच्या हाताला दोष देतो. एकेका सुरासाठी ०.८८ ते १.१४ घ्या. दोन्हीसाठी एकच हवा असेल तर ०.७३. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिकचे रंग जाडीप्रमाणे ठरलेले आहेत: लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.०, जांभळा १.१४. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत गेलात तर एकाच जाडीचे दहा घेण्यापेक्षा पिवळा, हिरवा आणि निळा असे दोन-दोन घ्या आणि आठवडाभर आलटून-पालटून वाजवा. तेवढंही नको असेल तर बाद झालेलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. चिप सोडून पिकच्या आकारात कापा, कडा बारीक पॉलिश पेपरवर घासा, मग जीन्सच्या कापडावर. कड खरखरीत राहिली तर ती तार खाते.

मे ते ऑक्टोबर पिक घामाने निसटतो. चकचकीत पिक घेऊच नका. कंपासपेटीतल्या कर्कटकाने दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या दाट रेघा ओढल्या की पकड सुधारते.

इथपर्यंतचं जमलं तरी तार बदलताना पिक अडकतोच, आणि त्याचं कारण क्लासमध्ये फार कमी वेळा सांगितलं जातं. एका तारेवर डाउन-अप, डाउन-अप वाजवताना पिकचा मार्ग तारांच्या पातळीला अगदी समांतर असेल, तर दोन्ही टोकांना पिक दोन तारांच्या मध्येच राहतो. बाहेर पडायला वाट नाही. मग पुढच्या तारेवर जाण्यासाठी हात प्रत्येक वेळी उडी मारतो. हळूहळू हीच उडी सगळ्या स्ट्रोकमध्ये शिरते. तिची खूण अशी: लय वाढवल्यावर अर्ध्या मिनिटात हाताच्या वरच्या बाजूला, कोपराखाली, जळजळ सुरू होते.

पिकचा मार्ग किंचित तिरका केला तर एक टोक आपोआप तारांच्या वर येतं. तळहाताची करंगळीकडची कड टेकलेली आणि अंगठ्याकडची बाजू थोडी उचललेली असेल, तर अपस्ट्रोक तारांच्या बाहेर, हवेत सुटतो. डाउनस्ट्रोक मात्र आत, पुढच्या तारेच्या अलीकडे रुततो. उलट तळहाताच्या दोन्ही कडा टेकलेल्या असतील, पंजा सपाट असेल, तर बहुधा डाउनस्ट्रोक बाहेर सुटतो आणि अपस्ट्रोक आत राहतो. दोन्ही पद्धती योग्य आहेत. आपली कोणती आहे हे ठाऊक नसणं, ही मात्र अडचण आहे. तार बदलायची ती सुटणाऱ्या स्ट्रोकनंतरच.

ओळखायचं असं. तिसऱ्या तारेवर कुठलाही एक सूर धरा आणि विचार न करता, आरामात, जितक्या वेगाने येईल तितक्या वेगाने दहा सेकंद वाजवा. फोन हेडस्टॉकच्या बाजूला, तारांच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. मेट्रोनोम १२० वर असताना ठोक्याला चार सूर म्हणजे सेकंदाला आठ. २४० फ्रेमच्या चित्रणात एकेका सुराला ३० फ्रेम मिळतात, १२० च्या असल्या तरी १५. पिक कोणत्या बाजूला तारांच्या वर दिसतो ते स्पष्ट कळतं. एका तारेवर हात वेगाने चालतो आणि तार बदलताच कोसळतो, असं दिसलं तर हाताला वेग आहे, वाट नाही. अशा माणसाने मेट्रोनोमवर आणखी महिना घालवून उपयोग नाही.

आता ए मायनर पेंटाटॉनिक हे पाच सुरांचं स्केल घ्या, पाचव्या फ्रेटवर. ए, सी, डी, ई, जी. म्हणजे ए ला सा धरला तर आपल्या धानी रागाचेच स्वर. सहाव्या तारेवर ५ आणि ८. पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ५ आणि ७. दुसऱ्या आणि पहिल्यावर पुन्हा ५ आणि ८. प्रत्येक तारेवर दोन सूर. तुमचा अपस्ट्रोक सुटत असेल तर डाउनने सुरुवात करा, म्हणजे प्रत्येक तार बदलताना अपस्ट्रोकच होऊन गेलेला असेल. डाउनस्ट्रोक सुटत असेल तर अपने सुरुवात करा. हे विचित्र वाटतं, कारण "पहिला स्ट्रोक नेहमी डाउन" असं मनावर बिंबवलेलं असतं. दोन्ही प्रकारे वाजवून बघा. एक चटकन हलका वाटेल.

तारेवर तीन सूर आले की हिशेब बिघडतो. जी मेजर स्केल तिसऱ्या फ्रेटपासून, तारेवर तीन सूर धरून वाजवला तर सहाव्या तारेवर डाउन-अप-डाउन, पाचव्यावर अप-डाउन-अप. म्हणजे एकदा एका बाजूने बाहेर पडायचं, एकदा दुसऱ्या. नवशिक्याला पहिल्याच महिन्यात हा सराव देणं मला तरी अन्यायाचं वाटतं. तोपर्यंत एक पळवाट आहे. अपस्ट्रोक सुटणाऱ्यांनी चढताना पहिले दोन सूर पिकने वाजवावेत, तिसरा डाव्या हाताने हॅमर करावा, म्हणजे पिक न मारता बोट तारेवर आपटून काढावा. पिकचा हिशेब पुन्हा सम होतो.

स्ट्रोकची सवय तोंडाने बोलून लवकर लागते. सरोदवादक नारळाच्या करवंटीच्या जव्याने (त्यांच्या पिकने) खाली "दा" आणि वर "रा" वाजवतात. गिटारवर तेच बोल जसेच्या तसे चालतात. "दा रा दा रा" म्हणत वाजवलं की "रा" दुबळा पडतोय का, हे कानाला लगेच कळतं. तो सशक्त करायला आठ मिनिटं उलट्या वजनाने वाजवा: "रा" वर आघात, "दा" हलका.

मेट्रोनोमचा उपयोग मी असा करेन. १०० वर ठेवा. एका ठोक्यात चार सूर, पुढच्या ठोक्यावर एक लांब सूर, आणि मग दोन ठोके पूर्ण विश्रांती. त्या विश्रांतीत अंगठा ढिला झाला का ते बघा. असे छोटे झटके दहा वेळा, मग दोन तारांवर, मग तीनवर. त्यानंतर ६० वर या आणि वेगात जी हालचाल होती तीच, तेवढीच लहान, सावकाश करा. सावकाश सरावाचं खरं काम इथे सुरू होतं. एका बैठकीला २०–२५ मिनिटं पुरेत, मग पाच मिनिटं हात मोकळे.

सोसायटीत रात्री दहानंतर आवाज नको म्हणून इलेक्ट्रिक गिटार ॲम्पशिवाय वाजवणारे खूप आहेत. त्यात एक तोटा आहे: स्वतःला ऐकू यावं म्हणून हात जोरात मारायला लागतो आणि महिन्याभरात तोच त्याचा स्वभाव होतो. हेडफोन लागेल असा छोटा ॲम्प घ्या. अकूस्टिकवाल्यांनी ब्रिजच्या अगदी जवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवावा; आवाज दबतो, हाताची हालचाल तीच राहते.

पावसाळ्यात अचानक सगळंच जड वाटायला लागलं तर हातावर शंका घेण्याआधी गिटार तपासा. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत मुंबईची हवा ८० च्या वर असते. वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो, तारा वर जातात. बाराव्या फ्रेटपासून सहावी तार साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिली दोनच्या आसपास उंच हवी, पट्टीने मोजा. साडेतीन झाली असेल तर डावा हात जास्त दाबतो, आणि एक हात आवळला की दुसराही आवळतो. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने वरून-खालून पुसा, गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. गंजलेली तार पिकला कानसासारखी लागते.

बोटांच्या टोकांचं दुखणं सुरुवातीला असतंच. मनगटात कळ, करंगळी-अनामिकेत मुंग्या किंवा कोपराशी टोचणं, हे सरावाचा भाग नाही. त्या दिवशी थांबा. दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणि पिक साउंडहोलमध्ये, म्हणजे गिटारच्या गोल भोकात, पडला तर गिटार एकदम उपडी करून झटकू नका. आधी ती तिरकी करून पिक आतल्या तळाच्या फळीवर भोकाच्या बरोबर खाली सरकवत आणा, मग एका झटक्यात तोंड खाली करा. पिक बाहेर आला की त्याची कड बघा: टोक गोल झालं असेल तर तो फिरवून दुसऱ्या कोपऱ्याने वाजवा. साध्या पिकला तीन कोपरे असतात; दोन खांद्यांकडचे थोडे बोथट, पण गुंडाळलेल्या तारांवर त्यांचा आवाज उबदार येतो.